मिरवणुकीतील ‘बेंजो’चे मूळ जपानमध्ये

मुंबई आणि कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा ‘बेंजो’ अमेरिकेतून आला असावा, असा समज नावामुळे सहज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. चामडे ताणून बसवलेल्या गोल अमेरिकी बँजोशी या लांबट पेटीचे नाते केवळ नावापुरते आहे. तिचे मूळ म्हणजे जपानचे ‘ताइशोगोतो’.

नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये हे वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो कालखंड सुरू झाला होता. त्या नावाला ‘कोतो’ या पारंपरिक तंतुवाद्याचे नाव जोडले गेले. मोरिता यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवल्या. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. स्वरस्थान चुकण्याची भीती त्यामुळे उरली नाही. मात्र ठरलेल्या कळांवर मींड काढणे अवघड. शास्त्रीय मैफलीत हे वाद्य फारसे न दिसण्याचे ते एक कारण मानता येईल.

दिल्लीसह उत्तर भारतात ते ‘बुलबुल तरंग’ या सुरेख नावाने ओळखले जाते आणि कव्वालीच्या साथीलाही असते. बलुचिस्तानात त्याचे ‘बेंजू’ झाले. महाराष्ट्रात त्याला विजेची जोड मिळाली आणि ताशांच्या कडकडाटातही गाण्याची चाल ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट ऐकू येऊ लागली. रवी जाधव यांच्या २०१६ मधील ‘बँजो’ या हिंदी चित्रपटाचा नायक असाच एक वादक आहे. मिरवणुकांतील या वादकांची बरीचशी कामे आता डीजेकडे गेली आहेत.