एक जंतू, दोन स्ट्रेन

कॉलऱ्याचा जंतू ‘व्हिब्रिओ कॉलरी ओ१’ दोन प्रकारांत आढळतो: क्लासिकल आणि एल टॉर. ग्लुकोज भरपूर असले की क्लासिकल इतके आम्ल तयार करतो, की त्याचीच वाढ खुंटते. एल टॉर त्याच साखरेपासून ॲसिटॉइनही बनवतो, आम्ल कमी साठते आणि तो तगतो. १९६१ पासूनच्या सातव्या जागतिक साथीत एल टॉरनेच क्लासिकलची जागा घेतली. त्याची लागण झालेल्या अनेकांना लक्षणेच नसतात आणि जंतू मात्र पसरत राहतो. खरा धोका हाच.

आतड्यातील पेशींचा प्रतिसादही स्ट्रेननुसार बदलतो. विष बनवणाऱ्या स्ट्रेनमुळे पेशीत सायक्लिक एएमपी वाढते, क्लोराइड बाहेर पडते, मागोमाग पाणी. विषाचे जनुक काढलेल्या काही लस-स्ट्रेनमुळेही स्वयंसेवकांना सौम्य जुलाब झाले. जंतूच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन पेशींतील इंटरल्युकिन-८ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचे जनुक कार्यान्वित करते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत बंजारा भाविकांची मोठी गर्दी होते. अशा ठिकाणी कॉलरा पाण्यातून पसरू शकतो; म्हणून स्ट्रेन कोणताही असो, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावी आणि क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत पाण्याचा नमुना पिवळा झाल्यावरच बाकीचे पाणी प्यावयास द्यावे.