बिनपंख्याचा संगणक

रात्रीचे साडेदहा. टीव्हीवर ‘किल्ला’ लावलाय. कोकणातला पाऊस, मग दोन संवादांमधली शांतता. आणि नेमकी तेव्हाच टीव्हीखालच्या कप्प्यातून घरघर सुरू होते. सिनेमा दाखवणाऱ्या जुन्या डेस्कटॉपचा पंखा! दिग्दर्शकाने जपून रचलेली शांतता आमच्या घरात कित्येक महिने पोहोचतच नव्हती.

मी कप्प्याला आतून फोम लावला. आवाज जरा दबला, पण हवा कोंडली, संगणक जास्त तापला आणि पंखा आणखी जोरात फिरू लागला. तेव्हा उमगलं, की आवाजाचं मूळ उष्णतेत आहे. ती कमी केल्याशिवाय शांतता नाही.

आज त्या कप्प्यात रास्पबेरी पाय ४ आहे. ८५ मिलिमीटर लांब, ५६ मिलिमीटर रुंद. जवळजवळ एटीएम कार्डाएवढा. मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि सहकाऱ्यांनी हा संगणक घडवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला पाय ३५ डॉलरला विक्रीला आला. त्याचा प्रोसेसर अवघा ७०० मेगाहर्ट्‌झचा, तरीही तो फुल एचडी सिनेमा न अडखळता दाखवायचा.

हे जमायचं ते चिपमधल्या खास भागामुळे. व्हिडिओच्या फाइलमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. बरंचसं आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढंच नोंदवलेलं असतं. त्यावरून सेकंदाला २४ चित्रं पुन्हा उभी करायची असतात. सगळी कामं करणाऱ्या प्रोसेसरवर हा भार टाकला की तो तापतो. याच कामासाठी बनवलेला डिकोडर ते थोड्या विजेत उरकतो. वीज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून पंखा नको. माझ्या पायची ॲल्युमिनियमची पेटी चिपला टेकलेली आहे. तीच उष्णता बाहेर सोडते.

म्हणून खरेदीआधी आपल्या फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत ते पाहावं. पाय ४ एच.२६५मधला फोर-के व्हिडिओ डिकोडरवर पेलतो. २०२३च्या पाय ५मध्ये एच.२६४चा वेगळा डिकोडर नाही. ते काम त्याचा वेगवान प्रोसेसर करतो. एव्ही-वन प्रकारच्या फाइली जास्त असतील, तर इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसी बरा. मात्र अशा पुष्कळ पेट्यांत चिमुकला पंखा असतो. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला वेगाने फिरावं लागतं आणि त्याचा आवाज कानाला टोचतो. बिनपंख्याचीच पेटी मागून घ्यावी.

हार्डडिस्कही विसरू नये. ती लाकडी फळीवर ठेवली की अख्खी फळी गुणगुणते. एसएसडी घ्यावी, नाहीतर डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवून नेटवर्कची केबल ओढावी.

विजेचा हिशेब सोपा आहे. ८० वॅटचा डेस्कटॉप रोज चार तास चालवला, तर वर्षाला ११७ युनिट जळतात. ५ वॅटचं यंत्र वर्षभर अहोरात्र चालू ठेवलं, तरी ४४ युनिटच्या आसपास.

पायवर कोडी हे सॉफ्टवेअर आहे. टीव्हीचा रिमोटच त्याला चालतो. हुकूम एचडीएमआयच्या केबलमधून जातात. परवा ‘किल्ला’ पुन्हा लावला. पावसानंतरची शांतता आली, तेव्हा मी सवयीने कप्प्यात हात घातला. पेटी कोमट लागली. आत काही चालू आहे याची तेवढीच खूण होती.