दूरची प्रत

सतराव्या शतकात लिस्बनहून निघालेले जहाज गोव्यास पोचावयास सहा-सहा महिने लागत, आणि ते पोचेलच अशी हमी कोणी देत नसे. वाटेत वादळे होती, खडक होते, डचांची जहाजे होती. राजाचा एखादा हुकूम समुद्राच्या तळाशी गेला, तर तो गेला हे कळावयासही वर्ष लोटे. म्हणून दरबाराने एक साधी रीत पाडली होती. महत्त्वाच्या पत्राच्या दोन, कधी तीन प्रती करावयाच्या, प्रत्येकीवर ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ अशी खूण घालावयाची आणि त्या निरनिराळ्या जहाजांतून रवाना करावयाच्या. सर्व प्रती एकाच जहाजावर चढविण्याचा शहाणपणा कोणी करीत नसे. जहाज बुडते तेव्हा त्यावरील सगळ्याच पेट्या बुडतात, हे दर्यावर्दी माणसास शिकवावे लागत नाही.

ह्या पत्रव्यवहाराचे खंड पणजीच्या पुराभिलेखात आजही आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगेज-मराठे संबंधांचा मागोवा घेतला तो गोव्याच्या ह्याच दप्तराच्या आधारे. तिकडे लिस्बनमध्ये १ नोव्हेंबर १७५५ रोजी मोठा भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या ‘कासा द इंडिया’चे दप्तर नष्ट झाले. गोव्याचे दप्तर त्या आगीच्या आवाक्यात नव्हते. त्याचे कागद लिस्बनच्या कागदांहून टिकाऊ होते असे मुळीच नाही. इथली दमट हवा आणि वाळवी कागदाची मित्र नव्हे. ते दूर होते, एवढेच.

आजचे दप्तर संगणकात असते. बेळगावकडील एखादी जुनी मराठी शाळा डोळ्यांपुढे आणावी. तिचे जनरल रजिस्टर पूर्वी जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे असे. आता लेखनिकाने त्यातील साऱ्या नोंदी संगणकात उतरवून घेतल्या आहेत. साठी गाठलेला एखादा माजी विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला मागावयास येतो, आणि पाच मिनिटांत त्याची जन्मतारीख पडद्यावर दिसते. सोय मोठी खरी. पण ती सारी सोय एका हार्डडिस्कवर अवलंबून आहे. त्या पेटीत एक तबकडी मिनिटास हजारो फेरे घेत असते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. असे यंत्र एक दिवस बंद पडणार, ह्यात शंका नाही; दिवस कोणता, एवढेच अज्ञात. नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये फिरणारे काही नसते, परंतु त्याही अमर नाहीत, आणि त्या जाताना पूर्वीसारखी खरखरही ऐकू येत नाही.

लेखनिक सावध असला तर तो दर शनिवारी पेन ड्राइव्हवर प्रत काढतो आणि ती संगणकाशेजारच्या कपाटात ठेवतो. डिस्क बिघडली तर ह्या प्रतीने काम भागते. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात शिरले, बेळगाव जिल्ह्यासही त्या पावसाने सोडले नाही, तेव्हा पाण्याने मूळ कोणते आणि प्रत कोणती हे विचारले नाही. चोरही विचारीत नाही. तो संगणक उचलतो आणि शेजारचा पेन ड्राइव्ह खिशात टाकतो. पीटर क्रोह नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने छायाचित्रांच्या जतनाविषयी लिहिताना एक हिशेब प्रसिद्ध केला, तो पुढे जगभर मानला गेला: मूळ धरून तीन प्रती, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गावी. ह्यातील पहिली दोन पथ्ये माणसे थोड्याफार चिकाटीने पाळतात. तिसऱ्याचा कंटाळा करतात. दर आठवड्यास डिस्क घेऊन परगावी कोण जाणार?

हा कंटाळा दूर करण्यासाठीच इंटरनेटवरून प्रत दूर ठेवण्याची सोय निघाली. तीस आज ‘क्लाउड बॅकअप’ म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. नाव काव्यमय असले तरी वस्तू अगदी जमिनीवरची आहे. शेकडो मैलांवरच्या एखाद्या इमारतीत हजारो डिस्का मांडून ठेवलेल्या असतात आणि आपल्या संगणकावरील एक लहान प्रोग्राम ठरलेल्या वेळी, बहुधा रात्री, तेथे प्रत पाठवीत राहतो.

हे काम चालते कसे, ते समजून घेण्याजोगे आहे. पहिली प्रत पुरी जावी लागते आणि तीस वेळ लागतो. शाळेची कागदपत्रे, छायाचित्रे मिळून २०० गिगाबाइट माहिती असेल आणि जोडणीची वर पाठविण्याची गती सेकंदास १० मेगाबिट असेल, तर केवळ ती एक प्रत जावयास सुमारे ४४ तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. जोडणी घेताना जी मोठी गती सांगितली जाते ती बहुधा खाली उतरविण्याची असते, वर पाठविण्याची नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. पहिली प्रत गेली की पुढचे काम हलके होते. प्रोग्राम प्रत्येक फाइलचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यातील मजकुरावरून गणिताने एक छोटासा आकडा काढतो आणि तो जपून ठेवतो. अंगठ्याच्या ठशासारखाच हा प्रकार. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. दुसऱ्या रात्री ज्या तुकड्यांचे ठसे जुळतात ते तेथे पोचलेलेच असतात. न जुळणारे तेवढे पाठविले की झाले. दिवसभरात पाच दाखले लिहिले असतील, तर पाच दाखल्यांपुरतेच ओझे.

तुकडे बाहेर पडण्यापूर्वी त्यांस कुलूप घालता येते. मजकूर सांकेतिक लिपीत बदलला जातो आणि तो उलगडण्याची किल्ली मालकापाशीच राहते. चांगल्या व्यवस्थेत प्रत सांभाळणाऱ्या कंपनीलाही ती वाचता येत नाही. विद्यार्थ्यांची नावे, जाती, जन्मतारखा परक्याच्या घरी ठेवावयाच्या, तर ही काळजी अवश्य घ्यावी. मात्र किल्ली हरवली तर कंपनी हात जोडते आणि मालकासही आपलीच प्रत उघडता येत नाही. पासवर्ड कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवण्याची जुनी पद्धत अशा वेळी हास्यास्पद वाटत नाही. तो त्याच संगणकातील फाइलीत लिहून ठेवणारी माणसेही आहेत, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

येथवर ऐकून एखाद्यास वाटेल, की प्रत ढगात गेली, आता घोर नाही. स्ट्रासबर्ग येथील आग ह्या समजाचे उत्तर आहे. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर ओव्हीएच ह्या फ्रेंच कंपनीची तेथील पाच मजली इमारत सर्व्हरांसह जळून गेली. मनुष्यहानी झाली नाही. परंतु कित्येक ग्राहकांची मूळ माहिती आणि तिची प्रत, दोन्ही त्याच आवारात होती. एका ग्राहकाने दावा लावला, आणि २०२३ मध्ये लील येथील वाणिज्य न्यायालयाने मुळापासून वेगळी ठेवावयाची प्रत त्याच इमारतीत ठेवल्याबद्दल त्यास भरपाई देवविली. माहितीचे पैसे मिळाले. माहिती मिळाली नाही. शाळेपासून प्रत दूर असली तरी ती दुसऱ्या कोठल्या तरी एकाच छपराखाली असते. ते छप्पर कोठे आहे आणि दुसरे आहे की नाही, हे विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहे. विचारतात फार थोडे.

त्याहून दुःखद कथा दक्षिण कोरियाची. संगणकाच्या बाबतीत त्या देशाचे नाव आदराने घेतले जाते. तेथील सरकारी नोकरांस आपले कागद स्वतःच्या संगणकावर न ठेवता ‘जी-ड्राइव्ह’ नावाच्या सामाईक भांडारात ठेवण्यास सांगण्यात आले होते. प्रत्येकास सुमारे ३० गिगाबाइट जागा दिलेली. हेतू चांगला होता. कागद फुटू नयेत, हरवू नयेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्रात लिथियमच्या बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली. ९६ यंत्रणा प्रत्यक्ष जळाल्या. इतर बऱ्याच यंत्रणांच्या प्रती अन्यत्र होत्या, त्या यथावकाश उभ्या राहिल्या. जी-ड्राइव्हची प्रत कोठेच नव्हती. भांडार फार मोठे, म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवता आली नाही, असे कारण अधिकाऱ्यांनी दिले. ८५८ टेराबाइट माहिती, म्हणजे सुमारे साडेआठ लाख गिगाबाइट, गेली. ह्या आकड्याने डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. टिपणे, अहवाल, सभांची इतिवृत्ते, कोणी वर्षानुवर्षे जमविलेले कागद अशी माणसांची कामे त्यात होती. ज्यांनी नियम मोडून आपल्या टेबलावरील संगणकात काही ठेवले होते, त्यांचे तेवढे वाचले असणार. नियम पाळणाऱ्याचे नुकसान व्हावे, अशी ही व्यवस्था होती.

दूर असणे ह्याचा आणखी एक अर्थ आहे, तो अंतराच्या मैलांत मोजता येत नाही. मोबाइलमधील छायाचित्रे आपोआप क्लाउडवर जातात आणि पुष्कळांस तोच बॅकअप वाटतो. तो बहुतांशी आरसा असतो. चेहऱ्यावर ओरखडा उठला की आरशातील चेहऱ्यावरही उठतो. नातवाने हाताशी खेळताना एक छायाचित्र पुसले, तर ते तिकडेही पुसले जाते. काही दिवस कचरापेटीत राहते, मग तेथूनही जाते. म्हणून चांगली व्यवस्था कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशी जुनी रूपेही जपते. चूक आज झाली आणि पंधरा दिवसांनी ध्यानात आली, तर पंधरा दिवसांपूर्वीचे रूप हाताशी हवे. हल्ली खंडणीखोर प्रोग्राम संगणकात शिरून सारी माहिती कुलूपबंद करतात आणि किल्लीचे पैसे मागतात. त्यांस जोडलेला पेन ड्राइव्ह दिसतो, जोडलेले क्लाउडचे खातेही दिसते. ज्या प्रतीपर्यंत मालकाचा हात सहज पोचतो तेथवर चोराचाही पोचतो.

ह्या संदर्भात डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचा किस्सा मोठा बोधक आणि काहीसा गमतीचाही आहे. जगभर मालवाहू जहाजे चालविणारी ही कंपनी. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने तिच्या यंत्रणा काही तासांत पुसल्या. कोणास कोठे प्रवेश आहे, ह्याची नोंदवही सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीने देशोदेशी ठेवले होते. ते एकमेकांची प्रत सतत काढीत, म्हणून निराळी प्रत कोणी जपली नव्हती. दीडशे एकदम जातील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ते एकदम गेले. शोधाशोध करता घानामध्ये एक शाबूत सापडला. कारण एवढेच, की हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यातून सुटला होता! वीज जाण्याचा असा उपकार आपल्याकडील श्रोत्यांस सहज पटणार नाही. घानातील जोडणी इतकी मंद, की माहिती इंग्लंडला पाठविण्यास दिवसच्या दिवस लागले असते, आणि तेथील कोणापाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एकाने डिस्क घेऊन नायजेरियाचा विमानतळ गाठला, तेथे ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो तीसह लंडनला गेला. ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ ह्या खुणांची आठवण व्हावी असाच तो प्रवास होता. पुढे दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

राहिली एक गोष्ट, जी सर्वांत स्वस्त असून सर्वांत कमी केली जाते. प्रत परत आणून पाहणे. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचे काम चालू असता कोणाच्या तरी एका आज्ञेने चित्रपटाचा बहुतेक भाग सर्व्हरवरून पुसला गेला. बॅकअप होता, पण तो काही काळ नीट चालत नव्हता, हे त्याची गरज पडली तेव्हा समजले. गॅलिन सस्मन ह्या तंत्रज्ञ बाईंस नुकतेच मूल झाले होते आणि घरून काम करता यावे म्हणून त्यांनी चित्रपटाची प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारीने कार्यालयात आणला गेला. पुढे तो चित्रपट कंपनीने जवळजवळ नव्याने केला, हा भाग वेगळा. २०१७च्या जानेवारीत गिटलॅब ह्या कंपनीची गत अशीच झाली. माहिती सांभाळण्याच्या पाच तऱ्हा योजलेल्या, आणि प्रसंगी एकही धड चाललेली नाही. कोणी सहा तासांपूर्वी योगायोगाने काढून ठेवलेली एक प्रत कामी आली. ‘बॅकअप यशस्वी’ अशी हिरवी खूण रोज दिसते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. त्या खुणेचा अर्थ प्रत पाठविली गेली एवढाच. ती उघडते की नाही, हे उघडल्यावाचून कळावयाचे नाही.

म्हणून मघाच्या शाळेतील लेखनिकाने सहामाहीच्या सुटीत एक अर्धा दिवस काढावा. शाळेच्या संगणकास हात न लावता दुसऱ्याच एका संगणकावर बसावे, तिजोरीतील पासवर्डाचा कागद मागून घ्यावा आणि दूरच्या प्रतीतून कोणतीही दहा नावे उतरवून घ्यावीत; त्यांतले एखादे १९६० च्या आसपासचे असावे, एखादे गेल्या जूनमधले. मग पुठ्ठ्याचे जुने रजिस्टर काढून नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस, सारे ओळीने ताडून पाहावे. जुळले तर रजिस्टराच्या शेवटच्या पानावर दिनांक घालून सही करावी. न जुळले, तर सुटी संपण्यापूर्वी त्याचा छडा लावावयास अजून काही दिवस हाती असतात.