भुसा तोच, प्लास्टिक तेच. मग फळी का मोडली?

आज सुरुवात आमच्या गच्चीवरच्या बाकापासून करतो. लाकडाचा भुसा आणि पॉलिथिलीन एकत्र वितळवून केलेल्या फळ्यांचा हा बाक. त्याला आणखी एक फळी हवी होती, ती दुसऱ्या दुकानातून आणली. दुकानदाराने प्रमाण तेच सांगितलं: ६० टक्के भुसा, ४० टक्के प्लास्टिक. सहा महिन्यांनी आई त्यावर बसली आणि नवी फळी मधोमध मोडली. थोडक्यात निभावलं. जुन्या फळ्या मात्र शाबूत होत्या.

मोडलेली कड उन्हात धरून पाहिली. दोन गोष्टी दिसल्या. एक, टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं. दोन, भुशाचे कण तुटलेले नव्हते, प्लास्टिकमधून अलगद उपटून निघाले होते. या दोन खुणांमध्येच उत्तर होतं.

आधी भोकं. भुसा कोरडा दिसला तरी हवेतली ओल धरून असतो. एक किलो भुशात ६ टक्के ओल म्हणजे ६० ग्रॅम पाणी. त्याची वाफ साध्या दाबाला जवळजवळ १०० लिटर जागा मागते! यंत्रात दाब असतो तोवर ती दबून राहते. साच्याच्या तोंडातून माल बाहेर आला की फुगते. म्हणून भुसा आधी वाळवून ओल १ टक्क्याच्या आसपास आणायची असते आणि यंत्रालाही वाफ निघायला वाट ठेवायची असते. वाळवण्यात काटकसर केली की फळीत भोकं राहतात. भार आला की चीर तिथूनच सुरू होते, आणि पावसाचं पाणीही तिथूनच आत शिरतं.

आता उपटलेले कण. लाकूड पाणी ओढणारं, पॉलिथिलीन पाणी झटकणारं. आपणहून त्यांची जवळीक होत नाही. इथे एक फरक लक्षात ठेवा. ताठ म्हणजे सहज वाकत नाही ते. मजबूत म्हणजे सहज मोडत नाही ते. नुसता भुसा घातला की फळी ताठ होते, पण जोड नसेल तर मजबुती उलट घटते. म्हणून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं थोडं पॉलिथिलीन मिसळतात. त्याचं एक टोक लाकडाला धरतं, लांब शेपूट प्लास्टिकमध्ये गुंतते. गंमत अशी, की माल यंत्रातून सुळकन सरकावा म्हणून झिंक स्टिअरेटसारखं वंगण घातलं, तर ते याच जोडणीच्या आड येतं. उत्पादन वेगाने होतं, फळी कच्ची राहते.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: मिसळणं. हे यंत्र म्हणजे तापवलेला भलामोठा सोऱ्याच समजा, फक्त आत फिरणारे स्क्रू असतात. मिश्रण कमी झालं तर भुशाच्या गुठळ्या राहतात. जास्त रगडलं तर तंतू तुटून आखूड होतात, आणि आखूड तंतू भार नीट पेलत नाही. शिवाय घर्षणाने उष्णता वाढते. पॉलिथिलीन साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतं, पण २०० च्या पुढे लाकूड करपू लागतं. या मधल्या पट्ट्यातच सगळं काम उरकावं लागतं.

म्हणजे ६०–४० हे प्रमाण फक्त सामानाची यादी आहे. मजबुती ठरते ती वाळवण्यावर, जोडण्यावर आणि रगडण्यावर.

मग विकत घेताना काय पाहायचं? नुसते टक्के विचारू नका, कापलेली कड दाखवायला सांगा. भोकं, गुठळ्या, करपट वास असेल तर सोडून द्या. एकाच मापाचे दोन नमुने मिळाले तर वजन करून आठवडाभर पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. ज्याचं वजन जास्त वाढलं, तो नको. आणि बाकाखाली आधार किती अंतरावर द्यायचे, हे फळी बनवणाऱ्याकडूनच विचारून घ्या. आमच्या बाकाला आता मधोमध एक जादा आधार आहे. आई तरीही कडेलाच बसते.