माळेगावच्या यात्रेला जाताना

मुलांनो, माळेगाव म्हटले की तुम्हांला नाशिक जिल्ह्यातले मालेगाव आठवेल. हे माळेगाव वेगळे. ते नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात आहे. लोकसंगीत ऐकायचे असेल तर तेथील खंडोबाच्या यात्रेला जा. मात्र आधी तारीख पाहा, नाहीतर मोकळे माळरान पाहून परतावे लागेल! यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे अमावास्येच्या आदल्या दिवशी सुरू होते. ही तिथी ईदप्रमाणे चंद्रावर ठरते. पण अधिक महिन्यामुळे ती सर्व ऋतूंत फिरत नाही, थंडीतच येते. म्हणून चादर सोबत घ्या. लावणी ऐकायला खूप गर्दी लोटते. त्याआधी वाघ्या-मुरळीजवळ थांबा. त्यांच्या तुणतुण्याला एकच तार असते. सारे गाणे तिच्याच सुरावर चालते. दिमडी ताल धरते. घोड्यांचा बाजारही तेथेच भरतो.