पीडीएफ कोण उघडणार?

लिनक्सवर ग्नोम आणि केडीई हे दोन्ही डेस्कटॉप टाकले की एक तंटा ठरलेला. केडीईत पीडीएफसाठी ऑक्युलर निवडा, ग्नोममध्ये गेल्यावरही तोच हजर! कारण दोघेही निवड एकाच ठिकाणी लिहितात: होममधल्या लपलेल्या ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरातली ‘माइमॲप्स डॉट लिस्ट’ ही फाइल. शेवटी लिहील त्याचं चालतं.

तोडगा या फाइलीच्या नियमातच आहे. त्याच फोल्डरात, याच नावाआधी ‘केडीई-’ किंवा ‘ग्नोम-’ (छोट्या इंग्रजी अक्षरांत) जोडलेली फाइल असेल, तर त्या डेस्कटॉपवर आधी ती वाचली जाते. ती मात्र हाताने लिहावी लागते, हे खटकतंच. चौकटी कंसात ‘डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स’ हा मथळा, त्याखाली फाइलप्रकार, बरोबरचं चिन्ह आणि ॲपच्या ‘डॉट डेस्कटॉप’ फाइलीचं नाव, बस्स. आधी मूळ फाइलीची प्रत तेवढी काढून ठेवा.