संकेतस्थळे व सॉफ्टवेअरची उपयोगसुलभ रचना : ऑनलाइन अर्जाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज आज संकेतस्थळांवर भरले जातात. अर्ज भरताना विद्यार्थी अडखळला, की त्याला संगणक येत नाही, असे सहज मानले जाते. वस्तुतः अशा चुकांचे मूळ अनेकदा रचनेत असते. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नित्य वापराच्या वस्तूंची उदाहरणे देऊन हीच भूमिका मांडली. प्रस्तुत लेखात ऑनलाइन अर्जाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

संकल्पना :
आयएसओ ९२४१-११ या मानकानुसार (१९९८, सुधारित २०१८) विशिष्ट वापरकर्त्यांना विशिष्ट परिस्थितीत आपले उद्दिष्ट परिणामकारकतेने, कार्यक्षमतेने व समाधानाने किती साध्य करता येते, यावर उपयोगसुलभता ठरते. येथे ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कार्यालयातील मोठ्या पडद्यावर सोपा वाटणारा अर्ज लहान मोबाइलवर तितकाच सोपा असेल असे नाही.

प्रमुख पद्धती :
१) स्थिती दर्शविणे : जेकब निल्सन यांच्या दहा तत्त्वांतील (१९९४) हे पहिले तत्त्व होय. शुल्क भरण्याचे बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच बदलले नाही, तर विद्यार्थी ते पुन्हा दाबतो आणि शुल्क दोनदा कापले जाण्याचा धोका निर्माण होतो. ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढी सूचना देऊन बटण तात्पुरते बंद ठेवल्यास हा धोका बराच टळतो.

२) चूक सुधारू देणे : ‘अवैध नोंद’ हा संदेश निरुपयोगी ठरतो. ‘जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहावी’ असा संदेश त्याच रकान्याजवळ दिसावा व भरलेली अन्य माहिती पुसली जाऊ नये. आडनाव नसलेल्या विद्यार्थ्याला तो रकाना सक्तीचा केल्यास खोटी माहिती भरण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

३) सुगम्यता : २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० मार्गदर्शक तत्त्वांच्या ‘एए’ स्तरानुसार सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांतील विरोधाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. चूक केवळ लाल रंगाने दाखविल्यास रंगांधळ्या व्यक्तीला ती कळत नाही.

४) मराठी मजकूर : जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. तो शोधयंत्रास सापडत नाही व अंध विद्यार्थ्यांच्या पडदावाचकास वाचता येत नाही. केवळ प्रतिमारूपात स्कॅन केलेल्या परिपत्रकांबाबतही हीच अडचण येते. यावर युनिकोडमधील मजकूर हाच उपाय आहे.

चाचणी :
मर्यादित खर्चात पाच वापरकर्त्यांच्या लहान चाचण्या पुनःपुन्हा घ्याव्यात, असे निल्सन यांनी २००० साली सुचविले. महाविद्यालयात हे सहज शक्य आहे. प्रथम वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांना त्यांच्याच मोबाइलवर अर्ज भरावयास सांगावे. निरीक्षकाने मदत न करता ते कोठे थांबतात, याची नोंद घ्यावी. पाचांत शक्यतो एक दृष्टिबाधित विद्यार्थी असावा. दोष दूर करून चाचणी पुन्हा घ्यावी.

निष्कर्ष :
सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची उपलब्धता हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे उपयोगसुलभतेकडे केवळ सजावटीची बाब म्हणून पाहता येणार नाही. अर्ज अपुरा राहिल्यास विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणूनच अर्ज खुला करण्यापूर्वी त्याची चाचणी घेणे ही प्रवेश प्रक्रियेतील आवश्यक पायरी मानली पाहिजे.